कॅलरी मोजल्या, तरी काटा वर का सरकला?

गेल्या वर्षी तीन महिने मी नाइट शिफ्टला होतो. रात्री भूक लागायची तेव्हा ऑफिसचं कॅन्टीन बंद झालेलं असायचं. मग जेवण म्हणजे मोबाइलवरून मागवलेला बर्गर, रोल, नाहीतर शेजवान राइस. वजन वाढू नये म्हणून फोनमध्ये कॅलरी मोजणारं अ‍ॅप टाकलं, दिवसाची मर्यादा १,९०० ठरवली आणि रोज नोंद केली. इंजिनीअरिंगची जर्नलंही मी कधी इतक्या इमानदारीनं लिहिली नव्हती. तीन महिन्यांत अ‍ॅपवरची लाल रेष क्वचितच दिसली. वजन मात्र ७२ वरून ७५ किलोवर गेलं.

'मोजून खातो, तरी वाढतंय' ही तक्रार जिममध्ये, लोकलमध्ये, ऑफिसच्या लिफ्टमध्ये हमखास ऐकू येते. त्यातून माणसं दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. एक, 'माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे.' दोन, 'कॅलरी वगैरे सगळं थोतांड आहे.' पहिला निष्कर्ष माणसाला रील्समध्ये दिसणाऱ्या फॅट बर्नर पावडरींकडे नेतो. दुसऱ्यामुळे तो प्रयत्नच सोडून देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के महिला आणि सुमारे २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे आहे. अशा देशात हे दोन्ही निष्कर्ष महागात पडणारे आहेत. त्यामुळे मोजणी नेमकी कुठे फसते, ते नीट पाहायला हवं.

गणितच चुकीचं आहे का?

नाही. त्याचे दोन गाजलेले दाखले फास्ट फूडचेच आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी २०१० मध्ये दहा आठवडे मुख्यतः क्रीम भरलेले केक, चिप्स, बिस्किटं असलं पाकिटातलं खाणं खाल्लं. रोजची मर्यादा १,८०० कॅलरी. वजन साधारण १२ किलोंनी घटलं. पुढे आयोवा राज्यातले विज्ञान शिक्षक जॉन सिस्ना यांनी ९० दिवस फक्त मॅकडोनाल्ड्समध्ये खाल्लं. रोज सुमारे २,००० कॅलरी आणि ४५ मिनिटं चालणं. तेही जवळपास १७ किलोंनी हलके झाले. त्याच्या उलट २००४ च्या 'सुपर साइझ मी' या माहितीपटासाठी मॉर्गन स्परलॉक यांनी ३० दिवस त्याच साखळीत खाल्लं, पण हात न आखडता. त्यांचं वजन ११ किलोंनी वाढलं.

याचा अर्थ केक खाऊन तब्येत सुधारते असा कोणी काढू नये. पण आत गेलेली ऊर्जा कमी आणि खर्च जास्त असेल तर वजन उतरतं, हे यातून दिसतं. या दोघांच्या यशातली एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यांच्या हातातला प्रत्येक पदार्थ मशिनवर बनलेला, मापातला होता आणि त्याचा आकडा पाकिटावर किंवा कंपनीच्या तक्त्यात छापलेला होता. ते जे खात होते, तेच मोजत होते. आपण खातो एक आणि मोजतो दुसरंच.

आकडा चुकतो कुठे?

आधी कॅलरीचा आकडा येतो कुठून ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी बंद भांड्यात अन्न जाळून उष्णता मोजली, शरीराबाहेर न पचता पडणारा भाग वजा केला आणि सरासरी काढली. एक ग्रॅम प्रथिनं किंवा कर्बोदकं म्हणजे ४ कॅलरी, एक ग्रॅम चरबी म्हणजे ९. आज तुमच्या अ‍ॅपमधला जवळपास प्रत्येक आकडा याच हिशेबातून आलेला असतो. सरासरी म्हणून तो उत्तम आहे, पण ती सरासरीच आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांना २०१२ मध्ये आढळलं की, अख्ख्या बदामातून शरीराला मिळणारी ऊर्जा या हिशेबापेक्षा बरीच कमी असते, कारण दाण्यातलं काही तेल न पचताच बाहेर पडतं. मैदा, साखर आणि तळणीच्या तेलात अशी गळती फारशी नसते. फास्ट फूड बहुतांशी याच तीन वस्तूंचं बनलेलं असतं.

पण खरी मोठी चूक यात नाही, ती ताटात आहे.

महिनाभर डोकं खाजवल्यावर मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ऑफिसात नेला. सहकारी हसले. शेजवान राइसचा डबा काट्यावर ठेवला, डब्याचं वजन वजा केलं. भात निघाला ५४० ग्रॅम. अ‍ॅपमध्ये मी रोज टाकत होतो 'शेजवान राइस, १ सर्व्हिंग'. त्यावर बोट ठेवून पाहिलं तर अ‍ॅपचं सर्व्हिंग २५० ग्रॅमचं, ४२० कॅलरींचं. म्हणजे मी ४२० लिहून ९०० च्या आसपास खात होतो. आठवड्यातून तीनदा हा डबा, म्हणजे रोजच्या सरासरीत २०० कॅलरी नोंदीबाहेर. ९० दिवसांच्या झाल्या १८ हजारांहून जास्त. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. भागाकार केला तर जवळपास अडीच किलो. तीन किलोंमधले अडीच किलो एकट्या डब्यानं समजावून दिले!

उरलेल्या अर्ध्या किलोचे संशयितही पुष्कळ. रोलमधलं मेयोनीज मी कधीच नोंदवलं नव्हतं. एक मोठा चमचा मेयोनीज म्हणजे ९० च्या आसपास कॅलरी. कॉम्बोमधला कोला 'पाण्यासारखा' म्हणून विसरलो. ३०० मिलिलिटर कोल्यात साधारण ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे १३० कॅलरी. बर्गरसोबत मित्राच्या फ्राइज उचलल्या, त्या तर हिशेबात धरायच्याच नसतात असा आपला समज.

मोठ्या साखळीतल्या बर्गरचा आकडा निदान मापातला तरी असतो. गाडीवरच्या वडापावचं काय? एका गाडीवरचा वडा लिंबाएवढा, दुसऱ्या गाडीवरचा मुठीएवढा. कढईतलं तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वडा जास्त तेल पितो. चहाच्या एका चमच्याएवढं तेल जादा गेलं की ४० कॅलरी वाढल्या. वर सुकी चटणी, चुरा, पावाला लावलेलं बटर. अ‍ॅपमध्ये 'वडापाव' शोधा, पाच वेगवेगळे आकडे दिसतील. आपण त्यातला कोणता निवडतो? मी तरी कायम सर्वांत कमी असलेलाच निवडला.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी मोजमापातल्या चुकांचे दोन प्रकार शिकवतात. एक इकडेतिकडे विखुरणारी चूक, कधी जास्त, कधी कमी. खूप वेळा मोजलं की ती एकमेकींत मिटते. दुसरी एकाच बाजूला झुकलेली. काटाच शून्याऐवजी उणे दोनवर असेल तर हजार वेळा मोजूनही उत्तर चुकीचंच येणार. बाहेरच्या खाण्याची कॅलरी मोजणी ही दुसऱ्या प्रकारची आहे. माप मोठं, तेल जास्त, विसरलेले घास आणि मनासारखा निवडलेला आकडा, सगळं एकाच दिशेनं झुकतं.

हे फक्त आळशी लोकांचं होतं असंही नाही. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज १,२०० पेक्षा कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही, असं सांगणारे दहा जण त्यात होते. त्यांच्या शरीराचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च मोजला, तो सामान्य निघाला. खाणं मात्र ते सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ती माणसं खोटारडी होती असं मला वाटत नाही. त्यांनी माझ्यासारखंच '१ सर्व्हिंग' लिहिलं असणार.

छापील आकडाही डोळे झाकून घेण्यासारखा नसतो. अमेरिकेतल्या रेस्टॉरंटमधले २६९ पदार्थ प्रयोगशाळेत तपासले गेले, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. सरासरीत आकडे बरोबर होते, पण १९ टक्के पदार्थांत सांगितल्यापेक्षा किमान १०० कॅलरी जास्त निघाल्या. रोज १०० म्हणजे फार वाटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पूर्वी संशोधक असलेले केविन हॉल यांच्या सूत्रानुसार, रोजच्या १०० जादा कॅलरी कायम राहिल्या तर वजन शेवटी साडेचार किलोंच्या आसपास वाढून स्थिरावतं. त्यातली निम्मी वाढ पहिल्याच वर्षात होते.

घड्याळानं दिलेली सूट

दुसरी गल्लत खर्चाच्या बाजूला होते. स्मार्टवॉच सांगतं, '४५० कॅलरी जाळल्या'. अ‍ॅप लगेच तेवढी सूट देतं आणि आपण ती खाऊन टाकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण ऊर्जाखर्चात सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. उपकरणं तेव्हापासून सुधारली असतील. तरी ती सूट खाण्यात वळती करू नये, हे माझं स्पष्ट मत. अ‍ॅपमधली ती सेटिंग बंद करता येते.

भूक आकडा वाचत नाही

समजा, सगळं अचूक मोजलं. तरी फास्ट फूडवर मर्यादा पाळणं अवघड का जातं? याचं सर्वांत नेटकं उत्तर हॉल यांच्याच २०१९ च्या प्रयोगात आहे. २० जणांना चार आठवडे संशोधन रुग्णालयातच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. दोन्हीकडे पुढ्यात ठेवलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू, मीठ सारखंच. हवं तेवढं खा, असं सांगितलेलं. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन ०.९ किलो वाढलं, साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. ते अन्न लोक भराभर खात होते, हेही नोंदलं गेलं. मऊ पाव फार चावावा लागत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचेतो डबा रिकामा होतो.

माझ्या तीन महिन्यांत 'लाल रेष क्वचितच' असं वर लिहिलं आहे. पहाटे चारला बिस्किटाचा पुडा फोडताना फोन मुद्दाम खिशात ठेवायचो, हे आता लिहून टाकतो.

सकाळचा एक किलो चरबी नसतो

काट्यावर चढणाऱ्यांची आणखी एक फसगत. रात्री पिझ्झा खाल्ला, सकाळी काटा एक किलो वर. एका रात्रीत एक किलो चरबी बनायला गरजेपेक्षा ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील, तेवढा पिझ्झा कोणी खात नाही. खारट खाण्यानं शरीर पाणी धरून ठेवतं. कर्बोदकांचा साठा होतो तेव्हा प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही साठतं. दोन-तीन दिवसांत ते उतरतं. म्हणून रोजचा आकडा सोडून आठवड्याची सरासरी पाहावी. ती सरासरी महिनाभर चढतीच असेल, तर नोंदीत गळती आहे असं धरून डबा काट्यावर ठेवावा. मापं तपासूनही वजन वाढत असेल, किंवा थकवा, सूज, पाळीतले बदल सोबत असतील, तर डॉक्टरकडे जावं. थायरॉइड, पीसीओएस, स्टेरॉइडसारखी काही औषधं ही खरी कारणं असतात. पण ती तपासणीनं ठरवायची गोष्ट आहे, लिफ्टमधल्या गप्पांत नाही.

नियम आहे, पण कोणासाठी?

आपल्याकडे अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार, केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेन्यूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी आणि सर्व्हिंगचं माप देणं बंधनकारक आहे. तो २०२२ मध्ये लागू झाला. चांगला नियम आहे. पण आपण रात्री अकराला ज्या किचनमधून मागवतो, ती बहुतेक त्याच्या कक्षेबाहेर आहेत. गाडीवाल्यानं प्रयोगशाळेचा अहवाल टांगावा असं कोणी म्हणणार नाही. मात्र डिलिव्हरी अ‍ॅपवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डब्याचं वजन ग्रॅममध्ये लिहिणं कोणालाही जमण्यासारखं आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, एक काटा लागतो. 'फुल' आणि 'हाफ' या शब्दांवर कसलाही हिशेब उभा राहू शकत नाही. सक्तीची सुरुवात प्राधिकरणानं इथून करावी.

माझ्यापुरतं सांगायचं तर शेजवान राइस बंद केला नाही. डबा आला की निम्मा आधीच दुसऱ्या डब्यात काढतो आणि फ्रीजवर नावाची चिठ्ठी लावतो. चिठ्ठी असूनही तो दोनदा गायब झालाय.