पंगत उठली, आता वाण्यास नकार!

शेतकरी-बलुतेदार बंधूंनो, पंगत उठल्यावर वाण्याची उधारी नाकारणाऱ्यास आम्ही काटकसरी नव्हे, लबाड म्हणतो. अमेरिकेच्या कायदेमंडळाची चाल हीच! सरकारी कर्जाची मर्यादा १९१७ सालापासूनची. ती वाढविल्याने नवा खर्च मंजूर होत नाही, त्याच मंडळाने आधी मंजूर केलेला भागतो. तरी २०११ साली दोन पक्षांच्या झोंबीत ती अडकली. त्या दिरंगाईने व्याजाचा बोजा सुमारे १३० कोटी डॉलरांनी वाढला, असा तिथल्या सरकारी हिशेबतपासनिसांचाच अंदाज. तो फेडणार कोण? पुढारी नव्हे, रयतच! २०२३ साली पुन्हा तोच तमाशा, पुन्हा पेन्शनवरल्या म्हाताऱ्यांचा जीव टांगणीस. काटकसर करावयाची तर खर्च मंजूर करतेवेळी करा. देणे थकविण्याची धमकी ही काटकसर नव्हे. रयतेस ओलीस धरणे आहे.