कवठ्यात ऊन, कुकडीला पूर

कवठे येमाईतल्या एखाद्या घरचा पावसाळ्यातला रविवार डोळ्यांसमोर आणावा. नवरा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा, बायको गावातच नोकरीला, दोन मुले शाळेत आणि सासूबाई घरी. पाचही जण एकत्र जेवायला बसतील असा दिवस आठवड्यातून एकच. सकाळी येमाईचे दर्शन घ्यायचे, डबा बांधायचा आणि टाकळी हाजीच्या कुंडावर जायचे, हा बेत बुधवारपासून ठरलेला. शनिवारी रात्री मोबाइलवर पट्टी येते : पुणे जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट. रविवारी सकाळी दार उघडावे तर अंगणात लख्ख ऊन. बेत मोडला तर मुले रुसतात, नवराबायकोत शब्दाने शब्द वाढतो आणि सुट्टी हातची जाते. बेत पाळला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. अडचण या ‘बहुतेक वेळा’मध्येच आहे. दहा वेळा इशारा येऊन कोरडे ऊन पडले की अकराव्या वेळी तो कोणी वाचत नाही.

इशारा खोटा होता का? नव्हता. पुणे जिल्हा हा पावसाच्या दृष्टीने एक जिल्हाच नाही. ताम्हिणीच्या घाटात एका पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर शिरूर-दौंडच्या पट्ट्यात सगळ्या वर्षाचा मिळून पाचशेच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना पाणी टाकून देतात आणि पूर्वेला उतरताना तापून कोरडे होतात, म्हणून शिरूर पर्जन्यछायेत. हवामान खाते आता पुण्याचा घाटमाथा आणि उरलेला जिल्हा यांचे इशारे वेगळे देते, पण फिरत-फिरत आलेल्या संदेशात ‘घाट’ हा शब्द गळून पडलेला असतो. शिरूरचा माणूस आभाळाकडे बघून हसतो आणि गाडीला किक मारतो.

पण कुकडीला पर्जन्यछाया ठाऊक नाही. ही नदी जुन्नरच्या पश्चिमेला, कुकडेश्वराच्या परिसरात उगम पावते. तिच्यावर माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत, आणि मीनेवरचे वडज, घोडवरचे डिंभे, पिंपळगाव जोगे ही त्याच कुकडी प्रकल्पातली भावंडे. घाटमाथ्यावर दोन दिवस कोसळले, धरणे भरत आली, की दारे उचलावी लागतात. ते पाणी टाकळी हाजीला पोचायला काही तास जातात. म्हणजे जुन्नरमध्ये शनिवारी रात्री पडलेला पाऊस टाकळी हाजीत रविवारी, स्वच्छ उन्हात, डबा उघडण्याच्या सुमारास येऊ शकतो. डोक्यावर एक ढग नसताना नदी वाढते तेव्हा माणसाचा अंदाज हमखास चुकतो, कारण पुराचा संबंध आपल्या मनात पावसाशी असतो, धरणाच्या दाराशी नसतो.

कुंडाचे रूपही फसवे आहे. काळ्या बेसाल्ट खडकात नदीने हजारो वर्षे गोटे गरगर फिरवून रांजणासारखे खळगे कोरले. अलीकडे शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, पलीकडे पारनेर तालुक्यातले निघोज. नदी दोन जिल्ह्यांची सीमा. उन्हाळ्यात हे खळगे उघडे दिसतात आणि मुले काठावरून डोकावतात. पाणी वाढले की तेच खळगे दिसेनासे होतात; वरून सपाट वाटणाऱ्या पाण्याखाली कुठे घोटाभर खोली असते तर कुठे माणूस बुडेल एवढी, आणि भोवरा तिथेच असतो. रांजण कोरले गेले तेच मुळी या भोवऱ्यांनी. ज्या शक्तीने बेसाल्ट झिजवला तिच्यापुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही फारसे चालत नाही.

वाहत्या पाण्याचा जोर किती असतो, याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाने करता येतो. गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या दोन पायांचे अर्धा मीटर उंच आणि तीस सेंटिमीटर रुंद एवढे क्षेत्र प्रवाहासमोर येते असे धरू. पाणी सेकंदाला एक मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने येत असेल, तर पायांवर साधारण सात-आठ किलो वजनाएवढा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो : तीस किलो. तिप्पट झाला तर सत्तरच्या आसपास. खाली शेवाळलेला खडक असताना तीस किलोचा आडवा धक्का सोसून कोणी उभे राहत नाही. मोठ्याच्या गुडघ्याएवढे पाणी सहा वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या वर, कमरेपाशी जाते आणि त्याचे वजन असते वीस किलो. म्हणून ‘मी हात धरलाय ना’ या वाक्याला वाहत्या पाण्यात फार अर्थ उरत नाही. एक घसरला की धरणाराही जातो.

हे काल्पनिक भय नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात मुले होती. पाण्याच्या मध्यावर खडकावर एकमेकांना धरून उभे असलेले ते कुटुंब साऱ्या महाराष्ट्राने चित्रफितीत पाहिले. पाणी काही मिनिटांत वाढले होते. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारच होते. त्यात योगायोग काही नाही. माणसे एकत्र बाहेर पडतात तो दिवसच तो. नदीच्या काठी राहणारे गुराखी-शेतकरी तिचा आवाज ओळखतात. आठवड्यातून एकदा येणारा पाहुणा, मग तो पुण्याचा असो की आठ मैलांवरच्या गावचा, तो आवाज ओळखत नाही.

मग घरीच बसावे का? तसे कोणताही डॉक्टर सांगणार नाही. सहा दिवस पाळ्या, दूध, डबे आणि शिकवण्या यांत विभागलेल्या घराला सातवा दिवस मोकळ्या हवेत एकत्र घालवणे ही चैन नसून गरज आहे. प्रौढांनी आठवड्यात किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि एका रविवारच्या भटकंतीत त्यातला मोठा हिस्सा उरकतो. नवराबायकोला घरकामाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलायला मिळते ते वेगळेच. तेव्हा जाण्याला हरकत नाही. हरकत आहे ती एकच बेत करून त्याला चिकटून बसण्याला.

लहरी हवामानात दोन बेत लागतात. हे ऐकायला सोपे वाटते, पण घराघरांत दुसरा बेत म्हणजे पहिला फसल्यावर चिडून टीव्ही लावणे असतो. दुसरा बेत शनिवारीच, तितक्याच हौसेने ठरवलेला असला तर मुलांना तो शिक्षा वाटत नाही. घाटमाथ्याला इशारा आहे ना, मग नदी नको. मोराच्या चिंचोलीला जाऊ. पावसाळी हवेत मोर तसेही अधिक खुलतात. रांजणगावचा महागणपती आहे, शिरूरजवळचे रामलिंग आहे. तेही नको असेल तर मावशीकडे भजी खायला जाता येते. आणखी एक नियम घरात आधीच ठरलेला बरा : दोघांपैकी एकाने ‘आज नको’ म्हटले की बेत बदलायचा, त्यावर वाद नाही आणि सोमवारी टोमणा नाही. बहुतेक दुर्घटनांआधी कोणीतरी ‘नको’ म्हटलेले असते आणि कोणीतरी ‘काही होत नाही’ म्हणून ते उडवून लावलेले असते. उडवणारा बहुधा कर्ता पुरुष असतो, हेही लिहून ठेवायला हरकत नाही.

हवामान खात्याची भाषाही थोडी शिकून घ्यावी लागेल. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ थोडा पाऊस असा नव्हे. भागातल्या पाऊस मोजणाऱ्या ठिकाणांपैकी जास्तीत जास्त चतुर्थांश ठिकाणी तो पडेल, एवढाच त्याचा अर्थ. जिथे पडेल तिथे तो धो-धो असू शकतो. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत. ‘जोरदार’ हा शब्द चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे वापरतात आणि ११५.६ पासून ‘अतिजोरदार’. मोबाइलवर दिसणारे ‘४० टक्के’ म्हणजे अशा दहा दिवसांपैकी चार दिवस पाऊस पडतो. सहा दिवस न पडल्याने अंदाज खोटा ठरत नाही. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली सहा किलोमीटरच्या चौकटीची नवी अंदाजप्रणाली सुरू झाली. चौकट पूर्वीपेक्षा निम्म्या मापाची झाली, तरी सहा किलोमीटरात दोन-तीन वस्त्या मावतात आणि वळवाचा ढग एका शिवारात पडून शेजारचे कोरडे ठेवतो. म्हणून चार दिवसांआधीचा अंदाज बेत आखायला वापरावा आणि निघण्यापूर्वी पुढच्या तीन तासांपुरता दिला जाणारा ताजा इशारा बघावा. बेत रद्द करायचा की नाही, ते या दुसऱ्यावर ठरवावे.

त्याच मे महिन्यात हवामानाने सगळ्यांचे आडाखे मोडले. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईत इतक्या लवकर तो १९५० पासूनच्या नोंदींत कधीच आला नव्हता. दौंड, बारामती, इंदापूर या कायम टँकरची वाट पाहणाऱ्या पट्ट्यात मे महिन्यात घरांत पाणी शिरले. उन्हाळी सुट्टीत मामाच्या गावाला आलेली मुले तेव्हा बाहेरच होती. ‘सात जूननंतर बघू’ हा आजी-आजोबांचा हिशेब आता धरून चालता येत नाही.

विजेचे तेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात २,८८७ माणसे वीज पडून मेली. एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात आपल्याकडे ढग बहुधा दुपारी तीननंतर चढतात, कारण सकाळभर तापलेली जमीन हवेला वर ढकलते. या दिवसांत सहल सकाळी सातला सुरू करून दोनच्या आत घराकडे वळवली तर निम्मा धोका तिथेच टळतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर; तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या टापूत आहे आणि पक्क्या घरात किंवा काचा वर केलेल्या मोटारीत शिरायला हवे. चिंचेखाली, वडाखाली थांबायचे नाही. दुचाकीवर तर नाहीच, आणि शिरूर तालुक्यात चौघांचे कुटुंब आजही दुचाकीवरच फिरते. अशा वेळी वाटेवरची शाळा किंवा ओळखीचे घर गाठावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. ‘दामिनी’ हे पुण्यातच तयार झालेले मोफत अ‍ॅप जवळपासच्या विजेची सूचना देते; ते घरातल्या दोघांच्याही मोबाइलवर असावे.

उकाड्याचा प्रश्न त्यामानाने साधा आहे, तरी सासूबाईंना घेऊन निघताना विसरायचा नाही. पावसाआधीच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. वृद्धांना तहानही उशिरा लागते. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एवढी बाटली डब्याशेजारी ठेवली की झाले. संध्याकाळी मात्र रेंगाळू नये, आणि हे केवळ पावसामुळे नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूतच्या परिसरात बिबट्याने तीन आठवड्यांत तीन जीव घेतले, त्यांत दोन मुले होती. उसाच्या कडेने अंधारात मुलांना घेऊन चालत येणे या भागात परवडणारे नाही.

एवढे घरच्यांनी करायचे. प्रशासनाने काय करायचे? दर पावसाळ्यात दुर्घटना झाली की पर्यटनस्थळांवर बंदीचा हुकूम निघतो. बंदीने चार रविवार गर्दी हटते, मग पोलीस दुसऱ्या बंदोबस्ताला जातात आणि माणसे आडवाटेने, कमी ओळखीच्या आणि अधिक धोक्याच्या जागी उतरतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून पाणी वाहत असताना दुचाकी घालणारे कोणत्याही हुकुमात सापडत नाहीत. पाटबंधारे विभाग विसर्ग वाढवण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना कळवतो. तो निरोप तहसील, तलाठी, ग्रामपंचायत असा उतरतो आणि गावच्या गटावर पडतो. कुंडावर बसलेल्या पाहुण्याच्या मोबाइलवर तो येत नाही, कारण पाहुणा त्या गटात नसतो.

त्यावर उपाय महागडा नाही. टाकळी हाजीच्या वाटेवर, गाड्या लावतात तिथे, एक मोठा फळा हवा. त्यावर रोज सकाळी तीन ओळी : येडगावमधून किती विसर्ग चालू आहे, घाटमाथ्याला कोणत्या रंगाचा इशारा आहे, आणि आज खडकावर उतरायचे की वरूनच बघायचे. खडकावर पाण्याची पातळी दाखवणारी रंगाची रेघ आणि विसर्ग वाढला की वाजणारा एक भोंगा. शनिवार-रविवारी गावातले दोन पोहणारे तरुण मानधनावर, दोर आणि हवा भरलेल्या ट्यूबसह. नदीच्या पलीकडे जिल्हा बदलतो, म्हणून फळा दोन्ही काठांवर लागेल आणि दोन तहसीलदारांना एकमेकांशी बोलावे लागेल. पावसाळा सुरू होण्यापूर्वी तेवढे बोलणे व्हायला काय हरकत आहे?

तोवर कवठ्याहून निघणाऱ्या जोडप्याने सकाळी जुन्नरकडच्या एखाद्या नातेवाइकाला फोन लावावा. या पट्ट्यात प्रत्येकाचे कोणी ना कोणी तिकडे असतेच. ‘तुमच्याकडे रात्री कितपत झाला?’ एवढेच विचारायचे. उत्तर ‘लई झाला’ असे आले, तर डबा तोच ठेवून गाडी मोराच्या चिंचोलीकडे वळवायची.