नकाशावरचा संच आणि घरातला संच

दूरचित्रवाणी संचाने प्रसारण कितपत चांगले ग्रहण करावे, याचे मानक ठरवणे हा अभियंत्यांचा विषय आहे, अशी समजूत रूढ आहे. संच विकणाऱ्यांना ती सोयीचीही आहे. निकृष्ट मालाचा भार अखेर कोणावर पडतो, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही. अमेरिकेत डिजिटल प्रसारण कसे आले, याचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

जुन्या ॲनालॉग प्रसारणात लहरी क्षीण झाल्या की चित्रावर मुंग्या येत. पण बातमी ऐकू येई. डिजिटल प्रसारणात ही मधली अवस्था जवळजवळ नाहीच. लहरी एका मर्यादेपर्यंत पोहोचत असतील तर चित्र स्वच्छ. त्याखाली गेल्या की पडदा रिकामा. इमारतींवर आदळून उलटणाऱ्या लहरींचा घोळही संचालाच निस्तरावा लागतो. हे त्याला किती साधेल, ते आतल्या ट्यूनरवर ठरते आणि ट्यूनरचा दर्जा दुकानात डोळ्यांना दिसत नाही. १९९९ मध्ये सिंक्लेअर या प्रसारण कंपनीने बाल्टिमोर येथे चाचण्या घेतल्या, तेव्हा साध्या अँटेनावर ग्रहण करताना त्या काळच्या संचांची कशी तारांबळ होते, हे उघड झाले.

तेथील संघीय संचार आयोगाने केंद्रांची व्याप्ती मोजताना एक संच गृहीत धरला होता : घराबाहेर सुमारे ३० फूट उंचीवर अँटेना आणि अमुक एका दर्जाचा ट्यूनर. या गृहीतावर नकाशे आखले गेले आणि त्या वर्तुळात येणाऱ्या घराला सेवा मिळते, असे मानले गेले. तसा संच बनवण्याचे बंधन मात्र कारखानदारांवर घातले गेले नाही. २००२ मध्ये आयोगाने नव्या संचांत डिजिटल ट्यूनर टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला. तो कसा चालावा, हे बाजारावर सोपवले. २००४ मध्ये एटीएससी या संस्थेने ए/७४ हे ग्रहणक्षमतेचे निकष प्रसिद्ध केले, तेही शिफारस म्हणून.

मानक लादले तर संशोधन खुंटते आणि किंमत वाढते, असा उत्पादकांचा युक्तिवाद असतो. त्याला उत्तर अमेरिकन सरकारच्याच व्यवहाराने दिले. जुन्या संचांना जोडायच्या परिवर्तक पेटीसाठी सरकारने प्रत्येक घराला ४० डॉलरची दोनपर्यंत कुपने देऊ केली. २००७ च्या नियमांनुसार कुपनास पात्र ठरणाऱ्या पेटीने ए/७४ वर आधारलेले किमान निकष पुरे करणे आवश्यक होते. उत्पादकांनी ते पुरे केले आणि शंभर डॉलरच्या आत पेट्या विकल्या. तात्पर्य, तिजोरीतून पैसा जाणार म्हणताच जे मानक शक्य आणि परवडणारे ठरले, ते नागरिक स्वतःच्या खिशातून संच घेत असताना मात्र अनावश्यक मानले गेले होते.

१२ जून २००९ रोजी पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे ॲनालॉग प्रसारण थांबले. त्यामुळे मोकळ्या होणाऱ्या ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या २००८ मधील लिलावातून सुमारे १९ अब्ज डॉलर उभे राहिले होते. ज्याच्या घरी केबल होती, त्याला या स्थित्यंतराची फारशी झळ लागली नाही. झळ लागली ती अँटेनावर विसंबून असलेल्याला. त्याचा पडदा रिकामा राहिला तर दोष अँटेनाचा, झाडाचा किंवा त्याच्या अज्ञानाचा. संचाचा दोष सिद्ध करण्यासाठी त्याच्या हाती बंधनकारक मोजमापच नव्हते.

हा प्रश्न भारताला परका नाही. भारतीय मानक ब्यूरोने अंतर्भूत उपग्रह ट्यूनर असलेल्या डिजिटल संचांसाठी आयएस १८११२ : २०२२ हे मानक तयार केले आहे. वेगळी पेटी न घेता, डिश जोडताच निःशुल्क वाहिन्या दिसाव्यात, हा त्यामागील हेतू स्वागतार्ह आहे. तथापि अशा मानकांची चर्चा कारखानदार आणि तज्ज्ञ यांच्यापुरती राहिली, तर ग्राहकाची बाजू कोण मांडणार? कार्यकर्त्यांनी ग्राहक संघटनांच्या साहाय्याने दोन मागण्या लावून धरल्या पाहिजेत : किमान ग्रहणक्षमता बंधनकारक असावी आणि तिच्या चाचणीचा निकाल संचाच्या खोक्यावर मराठीसह लोकभाषांत छापला जावा. जो संच गृहीत धरून शासन धोरण आखते, तोच संच गरिबाला दुकानात मिळेल, एवढी हमी देणे शासनाचे कर्तव्य आहे.