पाहुणा कीं सावज?

अजिंठ्याचीं लेणीं आमच्या जालना जिल्ह्यांत नाहींत, हें खरें. परंतु भोकरदन तालुक्याची शीव ओलांडली कीं सिल्लोड तालुका लागतो, आणि तेथून लेणीं फार दूर नाहींत. तेव्हां तेथें परदेशच्या मनुष्याशीं जें वर्तन घडतें, त्याचा बोल आपणांसही लागल्यावांचून राहत नाहीं.

घडतें तें असें. फर्दापूरच्या फाट्यावर प्रवासी उतरतो न उतरतो, तोंच कोणी त्याच्या हातांत चमकता खडा ठेवून ‘ही भेट आहे’ म्हणून सांगतो. परततांना त्या भेटीची वसुली सुरू होते. अमक्याच दुकानांत चला, घेतल्यावांचून जाऊं नका! गराड्यांत सांपडलेला पाहुणा चिडून वाटेल तें बोलतो, विक्रेत्यास तो अपमान झोंबतो, आणि उभयपक्षीं कडवटपणा उरतो.

आमचे कांहीं मित्र म्हणतात, सरकार स्वतःच २०१८ सालच्या दरानें भारतीयाकडून ४० आणि बहुतेक परदेशीयांकडून ६०० रुपये घेतें. मग गरीब विक्रेत्यानेंच काय पाप केलें? युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु सरकारी दर न्याय्य असो वा नसो, तो फलकावर लिहिलेला असतो. येथील दर गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून ठरतो. उघड भेद निराळा आणि छुपी फसवणूक निराळी.

तथापि सर्व दोष विक्रेत्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. लेण्यांजवळचीं दुकानें चार किलोमीटरांवरील फाट्यावर हलविलीं गेलीं. २०२० सालीं महासाथीमुळें लेणीं कित्येक महिने बंद राहिलीं. पोटाची आग मनुष्यास गळेपडू बनविते. शिवाय न विचारतां कोणाच्या दारिद्र्याचें छायाचित्र काढणारा पाहुणाही सभ्य म्हणतां येणार नाहीं.

मग उपाय काय? गुन्ह्यास कायदा समर्थ आहे; २०२२ सालीं मुंबईंत खार येथें एका कोरियन तरुणीस भर रस्त्यांत छळणाऱ्या दोघांस पोलिसांनीं पकडलें. पण गळेपडूपणा केवळ कलमें लावून थांबत नाहीं. त्याचें मूळ दलालींत आहे. मोंढ्यांत आडत घेतात ती सर्वांच्या देखत. येथें पाहुणा ओढून आणणाऱ्याची दलाली पाहुण्याच्याच नकळत किमतींत मिळविली जाते. ती दलाली दुकानदारांनीं एकमतानें बंद करावी, वस्तूवर किंमत लिहावी, पावती द्यावी, आणि फिरत्या विक्रेत्यास सरकारनें ओळखपत्र व हक्काची जागा द्यावी. यांत कोणाची भाकर जात नाहीं. उलट ती मानाची होते.

आमचें भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील उत्खननांत मिळालेल्या हस्तिदंती कामाशीं साम्य असलेली मूर्ति १९३८ सालीं इटलींत पॉम्पीईच्या अवशेषांत सांपडली. ज्या मुलुखाची कारागिरी समुद्रापार पोंचली, त्याच मुलुखांत समुद्रापलीकडच्या पाहुण्यानें खिसा सांभाळीत फिरावें काय? उत्तर व्यापाऱ्यांनींच द्यावयाचें आहे, आणि तें वजनकांट्याइतकें सरळ असावें, एवढेंच आमचें मागणें आहे.