मालवणला रेट पाडताना आपण नेमकं काय कमी करून घेतो?

दिवाळी झाली की सिन्नरमधून मालवणच्या गाड्या सुटायला लागतात. माळेगाव-मुसळगावच्या कंपन्यांमधले ग्रुप, पतसंस्थांचे कर्मचारी, दहावीचे जुने वर्गमित्र, कॉलेजची पोरं. सतरा सीटर ठरते आणि ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘स्कुबाचा रेट काय चाललाय?’ मग कोणी सांगतो, मागच्या वर्षी आम्हाला एवढ्यात पडलं. कोणी सांगतो, थांबा, आपल्या ओळखीचा आहे, अजून कमी करून देतो. रेटवर शंभर मेसेज होतात. बोटीत माणसं किती बसवणार, हा मेसेज मात्र मी आजवर एकाही ग्रुपवर वाचलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हा प्रश्न रेटच्या आधी विचारायला पाहिजे.

आपल्याला भीती वाटते ती पाण्याखालची. श्वास अडकला तर? मासा चावला तर? पण गेल्या काही वर्षांतले अपघात काढून बघा. २४ मे २०२२ ला तारकर्लीला बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. ती मंडळी स्कुबा करून परत येत होती. म्हणजे ज्याची भीती होती ते पार पडलं होतं, घात झाला तो किनाऱ्याकडे येताना. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तो तर तलाव होता. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त मुलं बसवलेली. त्याच वर्षी २१ मेला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, ६ जण गेले. आणि १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली. १५ जीव गेले, त्यात आपल्या नाशिक जिल्ह्यातलेही होते. धडक देणारी बोट दुसऱ्याची, हे खरंच. पण ‘नीलकमल’चा परवाना ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांचा होता आणि बोटीत शंभराच्या वर माणसं होती. अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, असं वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितलं. जॅकेटची सक्ती झाली ती दुसऱ्या दिवसापासून. आपल्याकडे सक्ती नेहमी दुसऱ्या दिवसापासूनच होते.

कारणं वेगवेगळी आहेत. कुठे वारा, कुठे धडक, कुठे निव्वळ गर्दी. पण अपघात झाल्यावर कोण वाचणार हे दोन गोष्टींवर ठरतं. बोटीत माणसं किती होती आणि जॅकेट अंगात होतं की बाकाखाली.

आता रेटचं गणित मांडू. बोटवाल्याचं डिझेल आपण घासाघीस केली म्हणून स्वस्त होत नाही. सिलिंडर भरायचा खर्च तेवढाच. हॉटेलवाला आणि जेटीवरचा एजंट आपलं कमिशन सोडत नाहीत. मग आपण पाडलेले दोनशे-तीनशे रुपये येतात कुठून? एका फेरीत चार माणसं जास्त बसवून. तीन इन्स्ट्रक्टरचं काम दोघांकडून करून. पाण्याखालची मिनिटं कमी करून. बकल तुटलेली जॅकेटं आणखी एक सीझन ओढून. साधं किराणा दुकान चालवणाऱ्यालाही हे कळेल. आपण भाव नाही करत मंडळी, आपण आपल्याच जॅकेटचं बकल काढून घेतो.

मागे आमचा ग्रुप गेला तेव्हा जेटीवर मी एका बोटवाल्याला विचारलं, परवाना किती जणांचा? तो हसला. म्हणाला, ‘काही होत नाही साहेब, रोजचंच आहे.’ आमच्यातलाच एक जण म्हणाला, ‘भाऊ, पत्रकारिता इथे नको.’ जॅकेटं काढून बघितली तर निम्म्यांचे पट्टे तुटलेले. दहा मिनिटं वाद झाला, दोघे जण रुसले, आणि आम्ही जास्त पैसे देऊन दुसरी बोट केली. त्या दिवशी पहिली बोट बुडाली वगैरे काही नाही. ती नीट जाऊन नीट परत आली. पण ‘रोज जाते आणि परत येते’ हे काही सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नाही. बुडालेली प्रत्येक बोट आदल्या दिवशी नीटच परत आलेली असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर मालवणची मंडळी रागावतील आणि त्यांचा राग योग्यच असेल. तिथल्या अनेक घरांची चूल या धंद्यावर चालते. त्यातले बरेच जण पिढ्यान् पिढ्या समुद्रात गेलेले आहेत, वाऱ्याचा रंग त्यांना आपल्यापेक्षा शंभरपट जास्त कळतो. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे रीतसर शिकवतात. नियमाने चालणारे लोक आहेतच. पण ठरलेलीच माणसं बसवणारा महाग पडतो म्हणून आपण त्याला सोडतो आणि दाटीवाटीने नेणाऱ्याकडे जातो. प्रामाणिक माणसाचा धंदा बोटवाले नाही, आपण बुडवतो.

‘हे बघणं सरकारचं काम आहे’ असं कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच. बरोबर आहे, सरकारचंच आहे. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, मेरीटाइम बोर्ड आहे, बंदर अधिकारी आहेत. प्रत्येक बोटीवर नंबर आणि प्रवासी क्षमता मराठीत, लांबून वाचता येईल अशी रंगवलेली पाहिजे आणि जेटीवर माणसं मोजूनच बोट सोडली पाहिजे. ही मागणी आपण करायलाच हवी. पण डिसेंबरच्या शनिवारी-रविवारी प्रत्येक बोटीपाशी अधिकारी उभा राहील, यावर मी माझ्या पोराला बोटीत बसवणार नाही. तिथे मोजणारा माणूस आपल्यातलाच लागतो.

म्हणून जायच्या आधीची तयारी सांगतो. गॉगल आणि वॉटरप्रूफ कव्हर सगळेच घेतात, त्यापलीकडची.

१) ग्रुपमधला एक माणूस आधीच नेमा. शक्यतो जो गोड बोलत नाही असा. बोटीवर माणसं किती, जॅकेटं किती, पट्टे लागतात का, हे तो बघेल. तो ‘नाही’ म्हणाला तर कोणी चढायचं नाही, हे सिन्नरमध्येच ठरवा. जेटीवर ठरत नाही, तिथे सगळ्यांना घाई असते.

२) जॅकेट बसल्याबरोबर घालायचं आणि उतरेपर्यंत काढायचं नाही. ‘मला पोहता येतं’ हे आपल्याकडच्या पोरांचं आवडतं वाक्य. अरे बाबा, तू विहिरीत शिकलास. विहिरीला लाट नसते, ओढ नसते आणि दहा हातांवर काठ असतो.

३) रात्रभर प्रवास करून सकाळी थेट पाण्यात उतरू नका. सिन्नर ते मालवण साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. संगमनेर, पुणे, कोल्हापूर करत, झोप न घेता, वाटेत मिसळ खाऊन पोचलेला माणूस बोटीत उलट्याच करणार. पहिला दिवस आराम, दुसऱ्या दिवशी सकाळी स्कुबा. आदल्या रात्री ‘बसायचा’ कार्यक्रम नको.

४) फॉर्म वाचून भरा. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर लपवू नका. आधी डॉक्टरांना विचारा. साधी सर्दी असली तरी उतरू नका, नाक बंद असेल तर कानातला दाब सुटत नाही.

५) पाठीवरच्या सिलिंडरला आपण ऑक्सिजन म्हणतो. त्यात साधी हवाच असते, दाबून भरलेली. दहा मीटर खाली दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तिथे छातीभर श्वास घेऊन तो रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा दुप्पट फुगायला बघते आणि इजा होते. म्हणून पहिला नियम, श्वास कधीच रोखायचा नाही. खाली जाताना कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हळूच हवा सोडायची. दुखलं तर तिथेच थांबायचं आणि खूण करायची.

६) खुणा किनाऱ्यावरच शिकून घ्या. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नाही, ‘मला वर न्या’. ठीक आहे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात. फोटोसाठी अंगठा दाखवाल तर इन्स्ट्रक्टर वर घेऊन येईल आणि मग पैसे वाया गेले म्हणून भांडाल.

७) स्कुबा केल्यावर लगेच मोपाहून विमान पकडू नका. एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि एकापेक्षा जास्त झाल्या तर १८ तास थांबावं, असा जगभरचा संकेत आहे. घाटालाही तेच कारण लागू होतं. किनाऱ्यावरून गगनबावडा चढलो की आपण सहा-सातशे मीटर वर येतो. आपलं सिन्नरही साडेसहाशेच्या आसपास. पंधरा-वीस मिनिटांच्या उथळ स्कुबात धोका कमी असतो, पण त्या रात्री मुक्काम करून सकाळी निघालं तर बिघडतं काय?

८) मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत हे सगळं बंद असतं. त्या दिवसांत कोणी ‘गुपचूप नेतो’ म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. सीझनमध्येही, वारा आहे म्हणून बोटवाला नाही म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. पैसे सोडून नाही म्हणणारा माणूस भेटला, तर पुढच्या वर्षीसाठी त्याचाच नंबर जपून ठेवा.

शेवटी सिन्नरच्या ट्रॅव्हल्सवाल्यांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि कंपन्यांच्या एचआरवाल्यांना एक विनंती. सहलीचं बुकिंग करताना पावतीवर तीन ओळी वाढवा. बोटीचा नोंदणी नंबर, तिची क्षमता आणि आपले किती जण बसणार. नाश्त्याला पोहे की उपमा हे लिहिता ना, मग हेही लिहा. जो बोटवाला हे लिहून देणार नाही, त्याच्याकडे मुलं पाठवू नका. सिन्नरच्या वीस-पंचवीस ग्रुपांनी एका सीझनमध्ये एवढं केलं, तरी जेटीवर त्याची चर्चा होईल.

मालवणला जरूर जा. दुष्काळी तालुक्यातल्या आपल्या माणसांनी समुद्र खालून बघितलाच पाहिजे. फक्त बोटीत चढायच्या आधी माणसं मोजा.

ज्यांचं बुकिंग झालंय त्यांच्या ग्रुपवर ही पोस्ट टाका. रेटच्या मेसेजच्या वर दिसेल अशी.