काळ्या लाकडाचं मोल

‘आबनूस’ हा शब्द बहुतेकींच्या कानावर पडलाय तो उर्दू-हिंदी कथांमधून. आबनूसी पलंग, आबनूसी पेटी, असं काही वाचलं की राजवाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. काळंभोर, गुळगुळीत, जड लाकूड. इतकं जड, की चांगला तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. शब्द आपल्याकडे आला फारसीतून, आणि त्याचं मूळ थेट प्राचीन इजिप्तपर्यंत जातं. इंग्रजीतला ‘एबनी’ही त्याच घराण्यातला. १९२२ मध्ये तुतनखामेन राजाची कबर सापडली, तेव्हा तिच्यात सोन्याच्या जोडीला आबनुसाच्या वस्तूही निघाल्या. आपल्याकडे उत्तर प्रदेशातलं नगीना हे गाव आबनुसावरच्या नक्षीकामासाठी नावाजलं. तिथले कंगवेसुद्धा प्रसिद्ध होते.

आता गंमत ऐका. हे राजेशाही झाड आपल्या विदर्भात जागोजागी उभं आहे. आपण त्याला तेंदू म्हणतो, कुणी टेंभुर्णी म्हणतं. उन्हाळ्यात नागपूरच्या बाजारात टोपलीत पिवळी, चिकट गोड टेंभरं घेऊन बाई बसलेली असते ना, तेच हे झाड. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ‘डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन’. त्यातल्या ‘मेलॅनोझायलॉन’चा अर्थ काळं लाकूड. आबनुसाच्याच कुळातलं झाड हे. बाहेरचं लाकूड फिकं, आणि काळा गाभा असतो तो आत. तो सावकाश, वर्षानुवर्षांनी तयार होतो.

पण आपल्या जंगलात या झाडाची किंमत ठरली ती पानावरून. एप्रिल-मे महिन्यांत गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बाया पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडतात. ऊन चढायच्या आत पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची. मजुरी मिळते शंभर पुडक्यांच्या हिशेबानं. पुढे त्याच पानांच्या विड्या वळायलाही बायकांचेच हात लागतात. यात जिवाची जोखीम किती? मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. राजवाड्यात पूजलं गेलेलं झाड, आणि त्याच्या सावलीत राबणाऱ्या बाईच्या कष्टाचा दर मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेला!

म्हणून मला गडचिरोलीतल्या ग्रामसभांचं मोठं कौतुक वाटतं. २००६ चा वनहक्क कायदा आणि आदिवासी भागासाठीचा पेसा कायदा हाताशी धरून त्यांच्यातल्या काहींनी साधारण २०१३ पासून तेंदूपत्ता स्वतः विकायला सुरुवात केली. पानं तीच, हात तेच. फरक एवढाच पडला, की भावाची बोलणी करायला गाव स्वतः बसू लागलं.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे एक बायोडेटा. ओळखीतल्या मुलींचे बायोडेटा नीट करून द्यायचं काम बरेचदा माझ्याकडे येतं. या मुलीचं एम.एस्सी. झालेलं, नोकरी चांगली, बोलणं चुरचुरीत. ‘रंग’ या शब्दापुढे तिच्या आईनं लिहिलं होतं, ‘निमगोरी’. शिवाय स्टुडिओवाल्यानं फोटोत चेहरा असा काही धुऊन काढलेला, की मुलगी समोर आली तर ओळखू येऊ नये. मुलगी हसून म्हणाली, ‘‘काकू, ही कोण आहे हो?’’ ती हसली खरी, पण मला काही हसू आलं नाही.

आता जरा आपल्याच घरात डोकावून बघू या, मैत्रिणींनो. आपल्या पंढरीचा विठोबा सावळा. नाशिकचा राम तर नावानंच काळाराम. विदर्भाचा कापूस ज्या मातीत होतो तिला आपण ‘काळी आई’ म्हणतो, आणि जमीन विकत घेताना ‘काळी आहे ना?’ असं आधी विचारतो. मंगळसूत्रात काळे मणी. संक्रांतीला काळी चंद्रकळा. बाळाला नजर लागू नये म्हणून काळी तीट. एवढं काळं आपल्याला शुभ, आणि लेक सावळी निघाली की ‘‘दुधात केशर घ्यायला हवं होतं हो,’’ म्हणून बाळंतिणीलाच ऐकवायचं! हे कुठलं शास्त्र?

खरं शास्त्र वेगळंच सांगतं. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं द्रव्य असतं. तेंदूच्या शास्त्रीय नावातला ‘मेलॅनो’ आणि हे ‘मेलॅनिन’, दोन्ही शब्द काळेपणासाठीच्या एकाच ग्रीक शब्दापासून आलेले. हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी गोरीच्या आणि काळीच्या अंगात जवळपास सारख्याच असतात. फरक पडतो तो मेलॅनिन किती आणि कुठल्या प्रकारचं बनतं, यात. हे मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून आपलं रक्षण करतं. नागपूरच्या मे महिन्यात याहून चांगली छत्री कुठली?

तरी ही छत्री घासून काढायचा धंदा जोरात आहे. ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली १९७५ मध्ये. २०२० मध्ये तिच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. नाव बदललं, पण आपल्या मनातलं बदललं का? २०२३ मध्ये अकोल्यातली बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, रंग उजळवणारं एक क्रीम लावत होत्या आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये पारा निघाला. तेव्हा ज्या डबीवर कंपनीचा पत्ता नाही, आत काय घातलंय ते लिहिलेलं नाही, ती पार्लरमधून मिळो की कुणी भेट देवो, सरळ कचऱ्यात टाका. लावत असाल तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

सातासमुद्रापार एका बाईनं या ‘एबनी’ शब्दाचं काय केलं, तेही सांगते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना पदोपदी हिणवलं जायचं त्या काळात, १९४५ मध्ये, शिकागोच्या जॉन जॉन्सन यांनी त्यांच्यासाठी मासिक काढलं. त्याआधीचं पहिलं मासिक त्यांनी काढलं होतं आईचं फर्निचर गहाण ठेवून मिळवलेल्या ५०० डॉलरवर. या नव्या मासिकाला ‘एबनी’ हे नाव सुचवलं त्यांची पत्नी युनिस यांनी. ज्या रंगावरून टोमणे खाल्ले, त्याच रंगाचं सगळ्यात मौल्यवान लाकूड त्यांनी मासिकाच्या कपाळावर लिहिलं! पुढे १९७३ मध्ये याच दांपत्यानं सावळ्या-काळ्या कातडीला शोभतील अशी सौंदर्यप्रसाधनं बाजारात आणली.  आहे तो रंग खुलवायचा, हा त्यामागचा विचार.

ग्रामसभेनं पानाचा भाव स्वतः सांगितला, युनिसनं रंगाचं नाव स्वतः ठेवलं. आपल्या लेकींच्या बाबतीत मात्र हा अधिकार आपण पाहुण्यांच्या हाती देऊन बसतो. कांदेपोह्यांची बशी हातात घेऊन कुणी म्हणतं, ‘‘रंग जरा दबलेला आहे,’’ आणि आपण खाली मान घालतो. कशासाठी? घरात आलेल्या माणसाला आपण पोहे देतो, लेकीचा भाव करायचा हक्क देत नाही.

मोठं काही करायला नको. बायोडेट्यातून ‘रंग’ ही ओळच काढून टाका. शिक्षण आहे, काम आहे, स्वभाव आहे, लिहायला पुष्कळ आहे. फोटो आहे तसाच द्या. समोरून ‘‘मुलगी गोरी आहे का?’’ असा फोन आला तर शांतपणे सांगा, ‘‘आमच्याकडे हा रकाना नाही.’’ दोन स्थळं कमी येतील कदाचित. जी येतील त्यांना आपली मुलगी दिसलेली असेल.

आणि हो, हे मुलाच्या आयांनाही लागू आहे बरं का! सून शोधताना हा प्रश्न विचारणारी जीभ पुष्कळदा आपलीच असते.

त्या मुलीच्या बायोडेट्यातली ती ओळ काढायला मी तिच्या आईला राजी केलंय. फोटो मात्र अजून तोच आहे. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.