आतड्याची तटबंदी आपणच का पाडावी?

पावसाळा सुरू झाला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत जुलाबाचे रुग्ण वाढू लागतात. आजाराला एक दिवसही होत नाही, तोच पालक विचारतात, ‘‘डॉक्टरसाहेब, अँटिबायोटिक नाही का देणार?’’ आणि खेदाची गोष्ट ही, की आपल्यापैकी अनेकजण ते लिहूनही देतात. ही सवय आपण सोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आतडे ही केवळ अन्न पचविणारी नळी नव्हे. रोगप्रतिकाराचे ते शरीरातील सर्वांत मोठे ठाणे आहे. तेथे संरक्षणाच्या फळ्या एकामागे एक उभ्या असतात. सर्वांत पुढे उपकारक जिवाणू. ते जागा आणि अन्न अडवून धरतात. त्यामागे श्लेष्म्याचा थर व त्यातील आय.जी.ए. प्रतिपिंडे. मग दर तीन ते पाच दिवसांनी नव्याने घडणारे पेशींचे अस्तर. तेही ओलांडले गेल्यास आतड्यालगतच्या लसिकाग्रंथी आणि यकृतातील भक्षक पेशी जंतूंना रोखतात. म्हणूनच बहुतेक संसर्ग आतड्यातच विरतात, रक्तापर्यंत पोहोचत नाहीत.

पहिल्या फळीचे मोल शिकागोतील मार्जोरी बॉनहॉफ व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. उंदरांना साल्मोनेलाचा संसर्ग होण्यास एरवी लाखभर जिवाणू लागत. स्ट्रेप्टोमायसीन दिल्यावर दहाहूनही कमी पुरले. अनावश्यक औषधाने आपण शत्रूला नव्हे, आपल्याच पहारेकऱ्यांना मारतो.

टायफॉइडचा जंतू मात्र या तटातील चोरवाट जाणतो. पेयर्स पॅचेसवरील एम पेशींतून तो आत शिरतो आणि भक्षक पेशींतच दडून सर्वत्र पसरतो. तेथे योग्य अँटिबायोटिक पूर्ण मुदतीपर्यंत हवेच. रक्ती आव, गंभीर कॉलरा, नवजात वा अतिकुपोषित बाळातील जंतुसंसर्ग यांतही ते टाळता येणार नाही. पण नेमके याच प्रसंगी ते गुणकारी ठरावे, म्हणून एरवी ते राखून ठेवावयास हवे.

साध्या पातळ जुलाबांत ओ.आर.एस., १० ते १४ दिवस झिंक, चालू ठेवलेला आहार आणि स्तनपान एवढे पुरेसे असते. आमच्या काही घरांत अजूनही पहिला चीक टाकून बाळाला मध किंवा गुटी चाटवितात. त्या चिकात आय.जी.ए. विपुल असते, मातेने बाळाला दिलेले ते पहिले कवचच होय. वडीलधाऱ्यांचा पूर्ण मान राखून सांगतो, ही प्रथा थांबावी.

नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस सार्वजनिक मोहिमेतून दिली. असा उपक्रम हाती घेणारी ती जगातील पहिली सार्वजनिक यंत्रणा. भोपाळच्या मुलांसाठीही आपण असा आग्रह का धरू नये? शुद्ध पाणी, लस आणि मातेचे दूध यांनी तट भक्कम होतो. तो उभा ठेवणे डॉक्टरांच्या लेखणीवर आणि पालकांच्या संयमावर अवलंबून आहे.